दक्षिणेचं दार

मोहटोला, तालुका ब्रह्मपुरी
१८ नोव्हेंबर १९५६

कमळा,

मोठ्या सवतीने धाकटीला पत्र लिहायचं तर वर काय घालायचं, हे मला चौथीपर्यंतच्या शाळेत कोणी शिकवलं नाही. आशीर्वाद लिहिला तर खोटा होईल, शिव्या लिहिल्या तर पोस्टमन वाचेल. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तू दुसरीच शिकलीस, तेव्हा अक्षर मोठं काढते. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस.

सिरोंच्याहून सागवान घेऊन आलेल्या गाडीवानाजवळ तू निरोप धाडलास, की लच्छूला पाठवा नाहीतर पोलीस घेऊन येते. ये घेऊन. पोलिसाला तुझा फाटलेला कान दाखव, मी माझा दंड दाखवते. तुझ्या विळ्याचा घाव अजून भरला नाही, थंडी पडली की ठणकतो. तुझ्या कानातली बाळी मला शेणात सापडली. धुऊन ठेवली आहे. देईन असं नाही.

आणि पोलिसाला हेही सांग की तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपल्या दोघींना बैलांच्या कोठ्यात कोणी कोंडलं. मुखरूने. मधे एकच ताट ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. सारं गाव लाकडाचे बैल घेऊन हिंडणारी पोरं पाहत होतं आणि हा दाराबाहेर उभा राहून सांगत होता, "जनावर असो का बाई, एका जुवात बांधलं का जमते. मी असे कितीक बैल जमवले हाये." शंकरपटात बैल पळवणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? बायकाही त्याने बैलांसारख्याच जमवायला काढल्या. जमलं ते तुला माहीतच आहे. दार उघडलं तेव्हा तुझा अर्धा कान माझ्या दातात होता.

मग त्याने तुला सिरोंच्याच्या मोटारीत बसवलं आणि पोर ठेवून घेतली. वासरू दावणीलाच राहते, म्हणाला. तू लच्छूला घ्यायला धावलीस तेव्हा दारात दोन्ही हात पसरून मी उभी होते, हे तू विसरली नसशील. मीही विसरले नाही. मला मूल झालं नाही, देवाने दिलं नाही, ते तुझ्या पोटातून या घरात आलं. घरात आलेलं मी जाऊ देत नाही.

लच्छू मजेत आहे. अंगाने भरली आहे. मला आई म्हणते. आता आपण म्हणे मुंबई राज्यात गेलो, पण मोहटोल्यात काही बदललं नाही. तू तिकडे सुखी राहा.

गुणाबाई


मोहटोला
१० डिसेंबर १९५६

कमळा,

तुझं पत्र आलं. एकच ओळ: माझी पोर दे. सात कोसांवर असतीस तर तोंडावरच उत्तर दिलं असतं. तू मधे सारं जंगल आणि दोन नद्या टाकून बसलीस, म्हणून कागद खर्च करावा लागतो.

पोर देणार नाही. पण तिची एक गोष्ट सांगते, कारण गावात दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. ती जेवत नव्हती. भात तोंडात घ्यायची आणि गालात धरून बसायची, गिळायची नाही. बोलायची तर त्याहून नाही. मागच्या पत्रात लिहिलं की मला आई म्हणते, ते खरं नाही. तू गेल्यापासून तिने कोणालाच काही म्हटलेलं नाही.

मी तिला खांद्यावर टाकून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. तिथे कंपाउंडर मुश्ताकभाईंची बायको जरीना भेटली. तिच्या आवारात दोन पिंजरे आणि दोन्हींत एकेक विलायती उंदीर. उंदीर म्हणजे सशाएवढा, शेपूट नाही, पाय आखूड. जरीना त्यांना गिनीपिग म्हणते. आधीच्या डॉक्टरीणबाईंनी हौसेने पाळले होते, बदली झाली तेव्हा हिच्या गळ्यात टाकून गेल्या. एक तपकिरी, त्याला दोन्हीकडे मिशा फुटल्यासारखे केस. दुसरा पांढरा, लाल डोळ्यांचा, सतत काहीतरी पुटपुटणारा. लच्छू खांद्यावरून उतरली आणि तपकिरीच्या पिंजऱ्याला नाक लावून बसली. त्याने आतून नाक लावलं. पोर हसली. कमळा, तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

जरीनाने ते पाहिलं आणि म्हणाली घेऊन जा. तिला सुटका हवी होती आणि मला पोरीचं हसू. तपकिरीला मी ठाणेदार नाव दिलं आणि पांढऱ्याला मास्तर. पण जरीनाने बजावलं की दोघंही नर आहेत, एकमेकांचा वासही त्यांनी धड घेतलेला नाही, घाईने एकत्र सोडलं तर एक दुसऱ्याला फाडेल. मग तिने जी यादी सांगायला घेतली ती ऐकून मला हसू आलं. आधी नुसते जवळ ठेव. एकाच्या अंगाखालचं तणस दुसऱ्याच्या पिंजऱ्यात टाक, म्हणजे वासाची ओळख होते. खायला दोन वाट्या. लपायला दोन घरं. मग जी जागा दोघांचीही नाही अशा परक्या जागी सोड. मी म्हटलं, बाई, एवढं तर आमच्यात सुनेसाठीही कोणी करत नाही.

जरीना हसली नाही. ती म्हणाली, "अन् घराले दारं दोन ठेवजो, बाई. एकच दार असलं तं जबरा दारात बसते अन् कमजोर आतमधी मरते. मी पाह्यलं हाये."

लच्छू आता भात गिळते, पण दोघांच्या मधे बसवलं तरच. पहिला घास ठाणेदाराला दाखवते. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

गुणाबाई


मोहटोला
८ जानेवारी १९५७

कमळा,

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं येईल, शिव्या देऊ नकोस. उजव्या हाताच्या बोटाचं नख निघालं.

झालं असं. पिंजरे मी ओसरीवर बाजूबाजूला ठेवले होते आणि रोज तणस बदलत होते. मास्तर त्याच्या जागी ठाणेदाराचं तणस आलं की रागाने त्यावर लघवी करायचा आणि कंबर हलवत, घुमत चालायचा. ठाणेदार दात वाजवायचा. थंडीने वाजतात तसे नाहीत, सुरीला धार लावल्यासारखे. पण जाळीपाशी दोघंही यायचे. मला वाटलं, चाललं आहे बरं. मुखरूला हे पाहवेना. उंदरांची सोयरीक जमवून राह्यली का, म्हणून रोज चिडवायचा. परवा मी धान कांडायला गेले आणि तो दोन्ही पिंजरे उचलून पारावर घेऊन गेला.

पारावर त्याचे पटाचे सोबती होते. त्याने बांबूच्या कामटीचं एक वीतभर जू केलं होतं. मानांच्या दोन्ही बाजूंना शिवळांच्या खुंट्या खोचल्या, सुतळी ओवली, सगळं बैलाच्या जुवासारखं. करायला त्याला बराच वेळ लागला असेल, कारण काम सुबक होतं. त्यात त्याने दोघांच्या माना बांधल्या आणि वर कोरडा फटकारला.

मी आवाज ऐकून धावले. कमळा, ती जनावरं किंचाळत होती. पोराच्या नरड्यातून निघावा तसा आवाज. ठाणेदार मागे सरायला पाहत होता आणि मान बांधलेली, सरणार कुठे? मास्तरला पळायचं होतं, पण पळताना ठाणेदार अंगावर ओढला जायचा, म्हणून तो चावायचा. चावलं की ठाणेदार चावायचा. गोल गोल फिरत होते दोघं. मास्तरचं पांढरं अंग लाल झालं होतं आणि माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती. कोणीतरी पैजही लावली. मी हात घातला. कोणी चावलं कळलं नाही, नख गेलं. कमरेचा विळा काढून सुतळी कापली तेव्हा ठाणेदाराचा डावा डोळा जागेवर नव्हता.

मुखरू म्हणाला, "नवीन जोडी पहिल्या दिवशी अशीच करते. बांधून ठेव, जमन."

त्याच वेळी पाठीमागून लच्छू ओरडली. ती माझ्या मागे धावत आली होती, मला ठाऊक नव्हतं. रक्त पाहिलं आणि तोंड उघडलं तिने. मला आई म्हणाली नाही. बाई म्हणाली नाही. अम्मा म्हणाली. तुमच्या सिरोंच्याकडचं अम्मा. ओरडत राहिली, अम्मा, अम्मा, घसा बसेपर्यंत. पारावरची माणसं हसायची थांबली. मी एका हाताने तिला आणि पदरात दोन्ही जनावरांना घेऊन घरी आले आणि चुलीपाशी बसून दोघांना हळद लावली. तिसरी मी.

मला तुझा राग अजून आहे. तो गेला असं समजू नकोस.

गुणाबाई


मोहटोला
३ फेब्रुवारी १९५७

कमळा,

तुझं काही उत्तर नाही. माझं अक्षर वाकडं होतं म्हणून वाचता आलं नाही की वाचून रडू आलं? दुसरं असेल तर मला ते आवडेल, खोटं का बोलू.

दोघं जगले. ठाणेदाराच्या डोळ्याची खाच भरली, केस वर आले आहेत. मी सगळं पहिल्यापासून मांडलं. जरीनाने सांगितलं होतं की एकदा रक्त निघालं की ओळख पुसली जाते, पहिल्यापेक्षा दुप्पट धीर लागतो. धीर माझ्याकडे कधी होता? पण मुखरू म्हणतो होणार नाही, म्हणून मी करते आहे. हट्टाला पेटले की मी काय करते ते तुझ्या कानाला विचार.

मधे बांबूची ताटी घातली. दोन फुटकी मडकी पालथी घातली, ही त्यांची घरं. प्रत्येक मडक्याला दोन भोकं पाडली, समोर एक आणि मागे एक. आवळे दोन ठिकाणी, हिरवा चारा दोन ठिकाणी. पहिले काही दिवस ठाणेदार मडक्यातून निघेचना. तो डोळा नसलेल्या बाजूने आवाज आला की थरथरायचा. मग एक दिवस मास्तर ताटीच्या फटीतून त्याच्या घरात घुसला. मी काठी घेऊन तयार. मास्तर समोरच्या भोकाने आत, ठाणेदार मागच्या भोकाने बाहेर. बास. रक्त नाही, किंचाळणं नाही. थोड्या वेळाने ठाणेदार दुसऱ्या मडक्यात जाऊन बसला, म्हणजे मास्तरच्याच घरात. दोघांनी घरं बदलली आणि भांडण तिथेच मिटलं.

मी ते पाहत चुलीपाशी बसून राहिले, भात करपला. मला तू आलीस तो दिवस आठवला. मुखरू तुला सिरोंच्याहून घेऊन आला, मला काहीही न सांगता, आणि तुझी पेटी माझ्या पेटीवर ठेवली. जागा नव्हती म्हणून नाही, जागा होती. तुझं अंथरूण माझ्या कोपऱ्यात टाकलं. तुझा तांब्या वेगळा नव्हता, माझ्याच तांब्याने तू पाणी प्यालीस आणि मी तो तांब्या तुझ्या डोक्यात घातला. तू तेव्हा सतरा-अठराची असशील. कमळा, आपण दोघींनी एकमेकींना इतकं मारलं, पण आपल्याला एका जुवात घालणाऱ्याला एकदाही चावलो नाही. मला याचा राग येतो. तुझ्यावरच्या रागापेक्षा जास्त.

त्याने मला काल मारलं. मडक्यांना भोकं पाडली म्हणून. घरात फुटकी भांडी ठेवून अवदसा आणते, म्हणाला. पटाचे दिवस जवळ आले आहेत आणि त्याचा नवा बैल कबऱ्या जुवाला मान देत नाही. तो राग असा निघतो. मतांचेही दिवस आहेत. आपल्या कोठ्याच्या मागच्या भिंतीवर कोणी तरी येऊन हे एवढं मोठं बैलजोडीचं चित्र रंगवून गेलं. मुखरू खूश आहे. रोज त्याच्यासमोर उभा राहून कबऱ्याला सांगतो, असं चाल.

लच्छूने काल विचारलं, "अम्मा कुठी गेली?" मी म्हटलं, मोटारीने गेली. ती म्हणाली, "मले बी मोटार."

गुणाबाई


मोहटोला
६ मार्च १९५७

कमळा,

बसून वाच.

महाशिवरात्रीच्या जत्रेत पट झाला. जोडी हाकायला धुरकरी मुखरू स्वतः. पळायच्या दाणीवरून छकडा सुटला आणि अर्ध्या वाटेत कबऱ्या जोडीदाराला ढकलत आडवा गेला, लोकांत घुसला. मुखरू छकड्यातून पडला. सारी जत्रा हसली. पारावर तो जसा हसत होता, तसंच.

दिवस मावळताना घरी आला. पिऊन आला होता. आधी कबऱ्याला बांधून मारलं. कोरडा तुटला, मग काठी घेतली, काठी तुटली. बैल खाली बसला तरी मारत होता. मी मधे पडले नाही. मला वाटलं, राग बैलावर निघून जाईल. मग त्याला विलायती उंदरं आठवली. हे अपशकुनी घरात आले तेव्हापासून जोडी बिघडली, म्हणाला. थंडीमुळे मी मडकी कोठ्यातच ठेवली होती, तणसात. त्याने एक मडकं लाथेने फोडलं. मास्तर मागच्या भोकाने आधीच निघून गेला होता. दुसऱ्या मडक्यावर लच्छू जाऊन पडली. पोटाखाली मडकं घेतलं आणि हलेना.

त्याने तिला वेणीला धरून उचललं, कमळा. मी मधे गेले. तुटक्या कोरड्याचा दांडा माझ्या तोंडावर बसला, दोन दात तुटले. हे तेच दात. तुझी फिटंफाट झाली समज. त्याने लच्छूला भिंतीवर फेकलं आणि मागे सरून कोठ्याच्या दारात उभा राहिला. कोठ्याला एकच दार, तुला माहीत आहे. मी त्याच्याकडे पाहिलं आणि जरीनाने जे सांगितलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. जबरा दारात बसलेला. आत मी, पोर, एका डोळ्याचं जनावर आणि मार खाल्लेला बैल.

जू तिथेच टेकून ठेवलं होतं. मी त्यातली शिवळ उपसली. खैराची शिवळ, हातभर लांब. तो म्हणाला, "आता तुले जुवात घालतो." तो पुढे आला आणि मी गुडघ्यावर मारली. हाड फुटल्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो खाली आला. दुसरी मारली ती कोपरावर. पहिलीत राग होता. दुसरीत नव्हता, तो उठू नये म्हणून मारली. तो ओरडला आणि मी अजून एक मारणार होते, डोक्यात. हात वर गेला होता. लच्छूने माझं लुगडं धरलं. ती रडत नव्हती. तिने एका हातात ठाणेदाराला धरलं होतं, त्याला काही झालं नव्हतं. मी शिवळ खाली घेतली. सोडली नाही.

आवाजाने माणसं आली. पुढे मुखरूचा काका नानाजी. मी दारात शिवळ घेऊन उभी, तोंडातून रक्त. मला वाटलं, आता पोलीस. नानाजीने मुखरूला विचारलं काय झालं. मुखरूने माझ्याकडे पाहिलं, मग साऱ्या गावाकडे पाहिलं. आणि म्हणाला, "कबऱ्यानं लाथ मारली."

बायकोने मारलं म्हणण्यापेक्षा त्याला बैलाने मारलं म्हणणं सोपं गेलं. मी हसले असते, पण तोंड सुजलं होतं. दुसऱ्या दिवशी नानाजी म्हणाला की माणूस मारणारा बैल कसायाला देऊन टाकावा. मी सांगितलं, "बैल इथंच राहीन. त्याची कायी चूक नाई." नानाजीने माझ्या तुटक्या दातांकडे पाहिलं आणि तो निघून गेला. त्याला कळलं असावं.

मुखरू खाटेवर आहे. हाडवैद्याने कामट्या बांधल्या, पण म्हणाला गुडघा पुन्हा वाकायचा नाही. मी त्याला जेवू घालते, पाणी देते. शिवळ माझ्या उशाला असते. त्याला ती दिसते.

लच्छूच्या कपाळाला खोक पडली होती, भरली आहे. हे लपवणार होते. लिहिलं.

गुणाबाई


मोहटोला
२९ मार्च १९५७

कमळा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी चार ओळी. पोरीची खोक किती मोठी आहे, हे तू दोनदा विचारलंस. माझ्या दातांचं एकदाही नाही. बरोबर आहे. खोक चिंचोक्याएवढी आहे, केसांत झाकते. आणि तू लिहितेस की मी बोलावलं तरी मोहटोल्याला येणार नाही, कारण तिथे गेलीस की मी पुन्हा चावेन.

चावेन की नाही ते सांगता येत नाही. चावायचे दात आता कमी आहेत.

पण मी तुला मोहटोल्याला बोलावत नाही. आधी काय केलं ते सांगते. मुखरू खाटेवर पडल्यावर मी सब्बल घेतली आणि कोठ्याची मागची भिंत फोडायला लागले. तीच भिंत, जिच्यावर बैलजोडी रंगवली आहे. नेमकं दोन बैलांच्या मधे भोक पडलं, जू होतं त्या जागी. आता एक बैल दाराच्या इकडे आहे आणि एक तिकडे. नानाजी धावत आला. दक्षिणेला दार पाडते का, म्हणाला, दक्षिण यमाची, त्या वाटेने यम घरात येते. मी म्हटलं, "नानाजी, यम तं समोरच्याच दारानं येत होता. आमाले निघाले जागा नव्हती." दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्याकडची जुनी चौकट पाठवली. राहत्या घरालाही तसंच दुसरं दार पाडलं आहे. कड्या मी सगळ्या काढून आतून ठोकल्या.

मोह पडायला लागला आहे. पहाटे मी लच्छूला घेऊन मोहफुलं वेचायला जाते. टोपलीत मास्तर आणि ठाणेदार. मडकी त्यांची होती, कोठा त्यांचा होता, ओसरीही त्यांची झाली होती. पण मोहाखालची जागा कोणाचीच नाही. तिथे ओल्या फुलांचा वास इतका की त्यांना स्वतःचाही वास येत नसेल. पहिल्या दिवशी सोडले तेव्हा दोघंही घाबरले. वर घार ओरडली. ठाणेदार ज्या बाजूला डोळा नाही त्या बाजूने मास्तरला चिकटला आणि मास्तरने त्याला चिकटू दिलं. मी फुलं वेचायची थांबले. मग दात वाजवले दोघांनी, घुमले, एकमेकांवर चढले, एकाने दुसऱ्याचं फूल पळवलं. लच्छू म्हणाली, "बाई, भांडून राह्यले." मी म्हटलं, भांडू दे, रक्त निघालं तर सांग. रक्त निघालं नाही. ऊन चढलं तेव्हा दोघं एकाच टोपलीत झोपले होते, पाठ करून, पण पाठीला पाठ लावून.

म्हणून मला सुचलं. तू माझ्या घरी आलीस तर मी दात वाजवीन. मी तुझ्या आईच्या घरी आले तर तू विळा काढशील. वाटेवरची आलापल्ली ना तुझी, ना माझी. मोटारी तिथे थांबतात, वडाखाली धर्मशाळा आहे. पाडव्यानंतरच्या गुरुवारी मी लच्छूला घेऊन तिथे येते. तूही ये. मी लांब बसेन. तिला तुझ्याकडे मी ढकलणार नाही आणि धरूनही ठेवणार नाही. तिची पावलं तिला माहीत आहेत. जेवण दोन डब्यांत आणते. बाळीही आणते, शेण पुरतं निघालं आहे.

मग तू तिला घेऊन सिरोंच्याला जाशील. मला ठाऊक आहे. मी तिच्यासाठी दोन झबली शिवली, तिला फोडणीचा भात आवडत नाही, तीळ आवडतात, आणि झोपताना तिच्या पाठीवर हात ठेवावा लागतो. ते तुला माहीतच असेल, पण आधी तिला उजव्या कुशीवर वळवून देते मी. ठाणेदाराला ती सोडणार नाही, तेव्हा दोघांनाही घेऊन जा. त्यांना वेगळं करू नकोस, फार मेहनत झाली आहे. मडकी तिकडे मिळतील. भोकं दोन पाड.

किंवा तू आमच्याबरोबर परत येशील. तेही मी मनात आणते, नाही म्हणत नाही. मुखरू आता कोणाला जुवात घालू शकत नाही, आणि शेत एकटीने ओढायचं नाही. पण आलीस तर तुझा तांब्या वेगळा, तुझी पेटी वेगळ्या भिंतीला, आणि आपण भांडू तेव्हा एकजण मागच्या दाराने निघून जाईल, बांधावर बसेल, राग उतरला की येईल.

आणि आल्यावर पुन्हा कधी तुला जावंसं वाटलं, तर जा. घराला आता दोन दारं आहेत. लच्छूला कडेवर घेऊन तू ज्या दाराने निघशील, त्या दारात मी उभी राहणार नाही.

गुणाबाई